चालू होतो, पण टिकत नाही



कॉम्प्युटर मुळीच चालू होत नसेल तर माणूस निमूटपणे दुरुस्तीवाल्याकडे जातो. पण बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, विंडोजचं चित्रही येतं आणि थोड्या वेळाने सगळं फटकन बंद, हे दुखणं फार छळतं. मग आपण पुन्हा बटण दाबतो. पुन्हा बंद. असं दहा वेळा झालं की दुकानात नेतो, आणि तिथे ऐकायला मिळतं, “मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.” कधी खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा नसतो.

इथे रास अल खैमात माझ्या ओळखीचे एक काका आहेत, वय ऐंशीच्या घरात, मुलाकडे राहतात. त्यांनी घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून आपल्या डेस्कटॉपमध्ये ठेवले होते. अलिबागकडचं घर, आईवडिलांचं लग्न, मुंबईतल्या शाळेचे वर्ग, सगळं. मूळ फोटो पावसाळ्यांत केव्हाच खराब झाले. दुसरी प्रत कुठेच नाही. आणि हाच कॉम्प्युटर दहा-अकरा मिनिटांत बंद पडू लागला. दुकानातून उत्तर आलं ते वर सांगितलंच आहे.

मी त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाला म्हटलं, “तू फक्त घड्याळ आणि वही घेऊन बस. कशालाही हात लावू नकोस.” मुलांनो, हे काम तुमचं, बरं का. आजी-आजोबांपेक्षा तुम्ही ते नीट कराल. त्याने लिहिलं: सकाळी पहिल्यांदा चालू केला, पंचवीस मिनिटं चालला. दुपारी अकरा मिनिटं. लगेच पुन्हा लावला, तीनच मिनिटं. तासभर विश्रांती दिली, परत अकरा मिनिटं.

या चार ओळींत अर्धं निदान आहे. थंड असताना जास्त टिकतो, गरम असताना कमी, आणि विश्रांतीनंतर पुन्हा सावरतो. म्हणजे उष्णता. आपण सगळे त्या अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतो, पण खरा सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा चौकोन. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. तो सीपीयू फार तापला, साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच वीज तोडतं. म्हणजे जीव वाचवण्यासाठी ते बंद पडतं, आणि आपण ते पुन्हापुन्हा चालू करून त्याला छळतो.

खात्री कशी करायची? चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसच्या पडद्यावर जा. बऱ्याच कॉम्प्युटरांत तिथे सीपीयूचं तापमान दिसतं. नुसतं बघत बसा. आकडा चढत चढत नव्वदीच्या पुढे गेला आणि काळोख झाला, तर चोर सापडला. आणखी एक फायदा असा की बायोसमध्येसुद्धा बंद पडत असेल तर विंडोजचा आणि व्हायरसचा काही दोष नाही, हे पक्कं. उगाच विंडोज नव्याने टाकून घेण्याचे पैसे वाचतात. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ असं दिसलं तरी घाबरू नका. नीट बंद न करता वीज गेली, एवढाच त्याचा अर्थ. का गेली ते ती नोंद सांगत नाही.

पेटी उघडण्याआधी आम्ही फोटो बाहेर काढले. यात माझा हट्ट होता. पेटीत काही बिघडलं तर दुसरी मिळते, फोटो मिळत नाहीत. सकाळी खोली एसीने थंड केली, कॉम्प्युटर लावला, आणि दहा-दहा मिनिटांत एकेक छोटं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग स्वतःच बंद करून विश्रांती. ‘कट’ करायचं नाही, ‘कॉपी’ करायचं. मध्येच वीज तुटली तर निदान मूळ प्रत शाबूत राहते. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फोटो उघडतात की नाही तेही पाहिलं. तीन दिवस लागले. ज्यांचा कॉम्प्युटर एक मिनिटही टिकत नाही त्यांनीही धीर सोडू नये. हार्ड डिस्क हा वेगळा भाग असतो, आणि वीज टिकत नाही म्हणून तो सहसा मेलेला नसतो. दुरुस्तीवाला ती काढून यूएसबीच्या डबीत बसवून देतो, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते.

नंतर वायर काढून पेटी उघडली. पंख्याखाली, धातूच्या पात्यांवर, धुळीची चक्क गोधडी! रास अल खैमाला हे व्हायचंच. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, शमाल वारा वाळवंटाची धूळ आणतो, उत्तरेकडे डोंगरात दगडखाणी आणि सिमेंटचे कारखाने. त्यात समुद्राची दमट हवा, म्हणजे धूळ नुसती बसत नाही, चिकटते. बिअरशेबा-दिमोनाच्या वाचकांना धूळ नवी नाही, आणि मुंबईकरांना दमट हवा नवी नाही. इथे दोन्ही एकत्र. शिवाय काकांनी पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेली, दिसायला बरं म्हणून. गरम हवा तिथल्या तिथे फिरत होती.

साफ करायला रंगाचा मऊ ब्रश आणि हवेचा डबा पुरतो. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. सीपीयूवरचा पंखा पक्का बसलाय का, तेही बघा. इंटेलच्या पुष्कळ कॉम्प्युटरांत तो चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो, घर बदलताना एखादी निसटते. ठोकळा सीपीयूवरून काढलाच तर मधली पेस्ट नवीन लावावी लागते. ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

साफसफाईनंतर कॉम्प्युटर दोन-दोन तास चालू लागला. सगळे खूश. पण नातवाने गेम लावला की लगेच बंद! आणि आता तापमान तर साठीतच. भार वाढला की पडतो, थंड असला तरी पडतो, ही खूण एसएमपीएसची, म्हणजे जिथे भिंतीची वायर लागते त्या पत्र्याच्या डब्याची. त्यातले कपॅसिटर वयाने आणि उष्णतेने सुकतात. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. बंद कप्प्यात काय झालं असेल ते समजा. नवीन एसएमपीएस बसवला, आणि मदरबोर्ड तोच जुना चालतोय. हा डबा मात्र घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात काही वेळ धोक्याची वीज साठलेली असते. मुलांनो, ऐकताय ना?

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. बटण दाबल्यापासून चार-पाच सेकंदांत, दर वेळी तेवढ्याच वेळाने बंद होत असेल तर पुढचं बटणच आत अडकलं असेल. बटण तेवढा वेळ दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद व्हायचाच. एक-दोन सेकंदांत पडत असेल तर रॅम काढून पुन्हा घट्ट बसवून बघा, वायर काढूनच. पडदा काळा पण पंखा चालू, असं असेल तर तो बंद पडलेलाच नाही. झोपलाय, किंवा मॉनिटरची वायर सैल आहे. माऊस हलवून बघा.

आणि वेळेचा काहीच मेळ नसेल, टेबलाला धक्का लागला की जातो, तर आधी प्लग बघा. भारत, इस्राएल आणि एमिरात, तिन्हीकडे वीज साधारण २३० व्होल्टचीच. प्लग मात्र तीन तऱ्हेचे. इथले सॉकेट चौकोनी पिनांचे. आपली मंडळी भारतातला गोल पिनांचा प्लग आणतात, वरच्या भोकात पेन खुपसतात आणि तो कसाबसा आत ढकलतात. मला हे बघवत नाही. अर्थिंग मिळत नाही, पिना सैल राहतात, ठिणग्या उडतात. स्थानिक प्लगची वायर काही दिरहमांत मिळते. अमेरिकेहून कोणी जुना कॉम्प्युटर पाठवला असेल तर एसएमपीएसच्या मागचं लाल बटण २३० वर आहे ना, ते लावण्याआधी बघा. ११५ वर राहिलं तर मोठा आवाज होतो आणि मग दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही.

उन्हाळ्यात इथली कुटुंबं महिना-दोन महिने भारतात जातात आणि घर बंद राहतं. जाताना नुसता स्विच नका बंद करू, वायरच भिंतीतून काढा. पेटीवर प्लास्टिकची पिशवी घालू नका, आत दमट हवा कोंडते. सुती चादर टाका. परत आल्यावर एसी लावून दोन-तीन तास खोली कोरडी होऊ द्या, चादर काढा, आणि मगच बटण दाबा.