कोटेशनची पहिली ओळ

पाऊस ओसरला की घाटमाथ्यावर आणि डोंगरपायथ्याला डांबरीकरण करणाऱ्या ठेकेदारांचे फोन वाजू लागतात. लोणावळा, मावळ, मुळशी, घाट उतरून कर्जत-खोपोली, उत्तरेला इगतपुरी. फोन करणारे कधी फार्महाउसचे मालक असतात, कधी रिसॉर्टचे व्यवस्थापक, कधी बंगल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तर कधी मंगल कार्यालयवाले. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो : चौरस फुटाला काय घेणार? आणि उत्तरही तितकेच तोकडे मिळते. दर सांगितला जातो, घासाघीस होते, दोन रुपये कमी होतात, काम ठरते. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याची चौकशी ना मालक करतो, ना ठेकेदार. पुढच्या ऑगस्टमध्ये रस्ता उखडतो आणि दोघेही डांबराला शिव्या देतात.

डोंगरपायथ्याच्या खासगी कामांतला हा दोष जुनाच आहे. रस्त्याचे क्षेत्रफळ मोजायला टेप निघते, पण वरच्या उताराचे क्षेत्रफळ कोणी मोजत नाही. खरे तर रस्त्याचे आयुष्य ठरते ते वरच्या उतारावरच.

दर ठरवण्याच्या बोलण्यांत जंगली महाराज रस्त्याचा दाखला हमखास निघतो. पुण्यात १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने बांधलेला, दहा वर्षांची हमी दिलेला आणि त्यानंतरही कित्येक पावसाळे धड राहिलेला हा रस्ता गिऱ्हाइकांना तोंडपाठ असतो. त्याचे कौतुक रास्तच आहे. पण पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोकलने तासा-दीड तासावर असलेल्या लोणावळ्यात तोच चार हजारांच्या पुढे जातो. शिवाय जंगली महाराज रस्ता शहरातला आणि जवळपास सपाटीवरचा. त्याच्या अंगावर डोंगर ओतला जात नाही. गिऱ्हाइकाने तो दाखला दिला, तर ठेकेदाराने मान डोलावू नये. फरक समजावून सांगावा.

सह्याद्रीच्या उतारावर बहुतेक ठिकाणी वर मुरूम आणि खाली काळा कातळ अशी बैठक असते. पावसाळ्यात मुरमात मुरलेले पाणी कातळावर अडते आणि त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेने सरकत राहते. रस्त्यासाठी डोंगराची कड कापली की नेमकी हीच वाट उघडी पडते आणि पाणी खडीच्या थरात शिरते. वरून कितीही सुबक कार्पेट घाला, ते खालून भिजतच राहणार. कोरड्या मुरमावर रोलर फिरवताना तो दगडासारखा वाटतो, पण तोच चार दिवस पाण्यात ठेवून त्याची भार पेलण्याची क्षमता मोजणारी सीबीआर चाचणी घेतली की पितळ उघडे पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-३७ मध्ये नमुना चार दिवस भिजवण्याची पद्धत आहे. वर्षाला हजार मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या भागात ती अट जरा कडक ठरू शकते, असेही तिथे म्हटले आहे. घाटमाथ्यावर ही सवलत कोणी स्वतःहून घेऊ नये. खासगी कामात तर चाचणीच होत नाही, ही गोष्ट वेगळी.

जॉन मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेले सूत्र आजही लागू आहे. भार पेलते ती खालची जमीन. वरचा थर तिच्यासाठी छपराचे काम करतो. जमीन कोरडी राहिली तरच ती भार पेलते.

तडे वाचता आले तर अर्धे निदान जागच्या जागी होते. डोंगराच्या कुशीतला खासगी रस्ता बहुधा अर्धा कापून आणि अर्धा भरून केलेला असतो. आतली बाजू कातळावर असते, दरीकडची भरावावर. पहिल्या-दुसऱ्या पावसात रस्त्याच्या साधारण मध्यावरून, दरीच्या काठाला समांतर, लांबलचक तडा दिसला तर भराव खचू लागला आहे असे समजावे. अशा तड्यात डांबर ओतून पैसे घेणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. त्याला पायथ्याची भिंत किंवा भरावाची नव्याने दबाई लागते, आणि वरच्या पाण्याला दुसरी वाट द्यावी लागते. मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर खडीचा थर ओला आणि अशक्त आहे. तो तुकडा खणूनच काढावा लागेल. दिवाळीनंतर आकाश निरभ्र असतानाही डोंगराकडच्या कडेला हातभर पट्टा ओला दिसतो, त्यावर हिरवट शेवाळ असते आणि बूट दाबला की डांबराच्या सांध्यातून पाण्याचा थेंब वर येतो. तिथे खाली जिवंत पाझर आहे. डोंगराच्या बाजूने चर खणून, त्यात जिओटेक्स्टाइल, खडी आणि सच्छिद्र पाइप टाकून तो पाझर बाहेर काढला नाही, तर तिथले डांबर दरवर्षी जाणार.

पाण्याने पोखरलेल्या रस्त्याला शेवटचा धक्का देते ते वाहन, पण ते मालकाची मोटार नसते. 'आमच्याकडे आठवड्यातून चार गाड्या येतात, पातळ थर चालेल,' असे फार्महाउसवाले सांगतात. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर येतो, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या 'आशो' रस्ता-चाचणीतून असे दिसून आले की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान साधारण सोळापट होते. दहा हजार लिटरच्या भरलेल्या टँकरच्या मागच्या आसावर दहा टनांच्या आसपास भार येतो, लहान मोटारीच्या आसावर जेमतेम पाऊण टन. या हिशेबाने टँकरच्या एका आसाची एक फेरी मोटारीच्या आसाच्या कित्येक हजार फेऱ्यांइतकी पडते. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू असेल तर खडीचे आणि वाळूचे डंपर वेगळेच. तेव्हा पाहणीला गेल्यावर 'गाड्या किती?' हा प्रश्न कमी महत्त्वाचा आहे. 'टँकर कुठून येतो, कुठे वळतो?' हे आधी विचारावे.

रिसॉर्टवाल्यांची तऱ्हा आणखी बिकट आहे. लोणावळा काय किंवा इगतपुरी काय, धंद्याचा हंगाम पावसाळा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी बसगाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच दिवसांत रस्त्याखालची जमीन वर्षातली सर्वांत अशक्त असते. मे महिन्यात घाईघाईने उरकलेले काम अशा वेळी टिकत नाही. तरीही दरवर्षी मे महिन्यातच कामाची झुंबड उडते.

आता थोडे स्वतःच्या घराकडे, म्हणजे ठेकेदारांच्या चुकांकडे पाहू. तीन मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा बंगल्याच्या वाटेवर ३० मिलिमीटरचा थर द्यायचा, तर जेमतेम तेरा टन माल लागतो. त्यात एक डंपरही धड भरत नाही. एवढ्यासाठी प्लँट सुरू होत नाही, म्हणून मोठ्या कामावरून उरलेला माल उशिरा या लहान कामावर येतो. घाट चढून येईपर्यंत तो निवलेला असतो. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यावरची दबाई संपावी लागते. डिसेंबरच्या सकाळी, वारा सुटलेला असताना, पातळ थराला हे अंतर कापायला काही मिनिटे पुरतात. मग रोलर कितीही फिरवा, पोकळ्या तशाच राहतात आणि त्यांतून पाणी आत जाते. डायलचा साधा थर्मामीटर फार महाग नसतो. तरी लहान कामावर तो कितीजणांच्या खिशात असतो? उपाय व्यवहारातलाच आहे : एकाच गावातली पाच-सहा लहान कामे एका दिवशी लावावीत, पूर्ण डंपर मागवावा, ताडपत्री घट्ट बांधून आणावा. सोसायट्यांना हे समजावले तर त्याही तारीख पुढे-मागे करायला तयार होतात.

जुन्या थराला नवा थर चिकटवणाऱ्या टॅककोटचेही तसेच. इमल्शन शिंपडल्यावर ते चॉकलेटी दिसते. त्यातले पाणी सुटून ते काळे होईपर्यंत थांबायचे असते. लहान कामावर तेवढा धीर राहत नाही. चॉकलेटी रंगावरच माल ओतला जातो, आणि सहा महिन्यांनी थर पोळीसारखा सुटून हातात येतो.

डांबराच्या मासिकाने लिहू नये असे एक वाक्य इथे लिहावे लागेल : काही जागी डांबर घालूच नये. आयआरसीच्या मानकांप्रमाणे अवघड डोंगराळ भागातल्या घाटरस्त्यालासुद्धा अपवाद म्हणून जास्तीत जास्त ७ ते ८ टक्के चढ चालतो. खासगी बंगल्याच्या वाटा मात्र बिनदिक्कत पंधरा टक्क्यांच्या पुढे जातात. अशा चढावरच्या आखूड वळणावर टँकर पहिल्या गिअरमध्ये जागच्या जागी चाके फिरवतो. उन्हाळ्यात मऊ झालेले डांबर तिथे सुरकुतणार आणि खाली सरकणार. वळणापुरते काँक्रीट घालावे, त्यावर आडव्या खाचा द्याव्यात आणि दोन्ही टोकांना डांबर नीट जोडावे. गाड्यांखाली तेल आणि डिझेल ठिबकते त्या पार्किंगच्या जागीही तेच, कारण डिझेल डांबराला विरघळवते.

सीलकोटबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. परदेशी माहितीपत्रके भाषांतरित करून 'दर दोन वर्षांनी काळा लेप' विकण्याची टूम आता इकडेही आली आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी तड्यातले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि रस्ता फोडते. म्हणून तिथे हिवाळ्याआधी तडे बुजवण्याला फार महत्त्व आहे. सह्याद्रीत पाणी गोठत नाही, ते वाहते. तडे इथेही बुजवायचे आहेत, पण पाऊस लागण्याआधी, मे महिन्यात. लेप घ्यायचाच असेल तर त्याचा घटक तपासावा. कोळशाच्या डांबराचा लेप टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ पासून बंद केला, कारण त्याची धूळ ओढ्या-नाल्यांत जाऊन विषारी ठरते. इथल्या वाटांच्या खाली तर गावांच्या विहिरी असतात. आणि मूळ कार्पेट सच्छिद्र जातीचे असेल, तर त्यावरचा सीलकोट कामाचाच भाग आहे. तो वेगळा 'जादा' म्हणून विकू नये, आणि पैसे वाचवायला गाळूही नये.

भर पावसातल्या खड्ड्यांना गरम माल चालत नाही. कडा चौकोनी, सरळ कापून, आतले पाणी आणि गाळ काढून, तयार थंड मिश्रण थरांनी ठोकावे. अशा मिश्रणासाठी आयआरसी-११६ हे मानक २०१४ पासून आहे. माती-विटांनी खड्डा भरण्याचे समर्थन कोणत्याही घाईने होत नाही.

मुख्य मुद्दा कराराचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यानेच पाच वर्षे त्याची देखभाल करायची असते. खासगी कामात हमी तोंडी असते आणि पहिल्या पावसापर्यंत चालते. ही रीत व्यवसायाने स्वतःच मोडली पाहिजे. पैशांचा दहावा भाग एक पावसाळा उलटेपर्यंत मालकाकडे राहू द्यावा. त्याच्या बदल्यात मे महिन्यात गटारे आणि मोऱ्या साफ करण्याचे, तडे बुजवण्याचे आणि साइडपट्ट्या भरण्याचे तीन वर्षांचे वार्षिक काम ठरल्या दराने पक्के करून घ्यावे. ठेकेदाराला दरवर्षी खात्रीचे उत्पन्न मिळते आणि मालकाला जबाबदार माणूस.

येत्या हंगामात वाचक ठेकेदारांनी एवढे करून पाहावे. कोटेशनची पहिली ओळ डोंगराकडच्या गटाराची आणि मोरीची असू द्यावी, मीटरमध्ये मोजलेली. दुसरी भरावाची, तिसरी खडीची; चौरस फुटाचा दर त्यानंतर. मालकाने पहिली ओळ खोडली, तर ते काम घेऊ नये.