छागलांची सही

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, तेव्हा त्या राज्याचे हंगामी राज्यपाल होते महंमदअली करीम छागला. एरवी ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. औरंगाबादच्या पक्षकाराचे अपील तेव्हापासून हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागले. नागपूर आणि राजकोटला खंडपीठ मिळाले. औरंगाबादला त्यासाठी २७ ऑगस्ट १९८१ उजाडावा लागला. छागला त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादेत खंडपीठ आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. वकिलीतून राजदूतपदापर्यंत गेलेला माणूस इथल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा तर छागलांचे नाव येणारच, आणि यावेच. जिनांच्या चेंबरमध्ये तयार झालेला हा बॅरिस्टर पुढे जिनांच्याच राजकारणापासून दूर झाला. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची बाजू मांडायला विजयालक्ष्मी पंडितांबरोबर गेला. दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला, तेव्हा भारताने तिथे तात्पुरते न्यायाधीश म्हणून नेमले ते छागलांनाच. पुढे वॉशिंग्टन, मग लंडन, शेवटी परराष्ट्रमंत्रिपद. आणि १९६७ मध्ये भाषाधोरण पटले नाही म्हणून राजीनामा!

पण या कारकिर्दीतले एक पान विद्यार्थ्यांना सहसा दाखवले जात नाही. १९५८च्या सुरुवातीला छागलांनी आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीतून उद्भवलेल्या मुंध्रा प्रकरणाची चौकशी केली. कामकाज जनतेसमोर चालले, अहवाल काही आठवड्यांत आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले. त्याच वर्षी मोतीलाल सेटलवाड यांच्या विधी आयोगाने चौदावा अहवाल दिला. न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, अशी शिफारस त्यात होती. आयोगाचे सदस्य म्हणून छागलांनी त्यावर सही केली, आणि शाई वाळते न वाळते तोच न्यायासन सोडून ते राजदूत म्हणून अमेरिकेला निघाले. सेटलवाडांनी आत्मचरित्रात याबद्दल नाराजी नोंदवून ठेवली आहे. ती रास्तच होती.

हे राजदूतपद बक्षीस होते, असे मात्र म्हणवत नाही. सरकारला त्या वर्षी सर्वांत जास्त अडचणीत आणले ते याच न्यायमूर्तींनी. आणीबाणीतही जाहीरपणे बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. अडचण नेमकी इथेच आहे. छागलांसारख्या निष्कलंक माणसासाठी शिफारस बाजूला सारली गेली, मग इतरांना कोण अडवणार? सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अब्दुल नझीर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि फेब्रुवारीत आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. रंजन गोगोई सरन्यायाधीशपदावरून उतरल्यावर चार-पाच महिन्यांत राज्यसभेत पोहोचले. या नेमणुकांत काही देवाणघेवाण होती असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण पक्षकाराच्या मनात शंका यायला पुराव्याची गरज नसते. खेटे घालून थकलेल्या मराठवाड्यातल्या पक्षकाराच्या मनात तर मुळीच नसते.

राज्यघटनेच्या कलम १२४(७) नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. सरकारी पदाबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. छागलांची सही असलेली शिफारस १९५८ पासून तशीच पडून आहे.