तीनशे रुपये

सौ. फराळाची यादी करीत होती. माझ्या डोक्यात भलताच हिशेब चालला होता. ऐंशी टक्के अपंगत्व आलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या अठरा ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला आपले केंद्र सरकार दरमहा ३०० रुपये देते. २०१२ पासून आकडा हललेला नाही. राज्ये भर घालतात, ती वेगळी. त्याला नाव ‘निवृत्तिवेतन’! मराठीचा मास्तर मी. कशातून निवृत्त, हे अजून उमगलेले नाही.

डेन्मार्क-नॉर्वेची नावे मुद्दामच घेत नाही. ‘ते श्रीमंत’ म्हणून तुम्ही मला वाटेला लावाल. पण ब्राझील? तिथल्या १९८८ च्या राज्यघटनेने निराधार अपंगाला दरमहा एक किमान वेतन देऊ केले. वेतन वाढले, की मदतही वाढते. कुणाच्या दारी अर्ज नको.

“तीनशेंत काय येईल गं?” मी विचारले.

यादीवरून मान वर न करता ती म्हणाली, “किलोभर तूपसुद्धा नाही. का हो?”