ओळखीचा पहिला तास

उन्हाळी शिबिराचा पहिला तास कसा घ्यायचा, हे विचारणारी पत्रं मे महिना जवळ आला की येतात. यंदा उत्तर देण्याआधी शिरपूर जैनला आमच्या हातून काय चुकलं ते सांगतो.

शिरपूर जैन म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं शिरपूर, धुळ्याकडचं वेगळं. इथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचं प्राचीन मंदिर आहे, म्हणून ते देशभरच्या जैन यात्रेकरूंना ठाऊक. आम्ही गेलो होतो ते तिथल्या मुस्लिम मुला-मुलींच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी. शादीखान्यात 37 मुलं जमली होती. काही गावातली, काही सुट्टीला मामाकडे, खालाकडे आलेली. मुली आतल्या खोलीत, मुलं बाहेरच्या हॉलमध्ये. आम्ही नवरा-बायकोने तशीच वाटणी करून घेतली.

बाहेर सगळ्यांना गोल बसवलं. एकेकाने मध्ये उभं राहायचं आणि उर्दूत आपलं नाव नि आवडती गोष्ट सांगायची. मराठी शाळेत सातवीला असलेला एक मुलगा उठला आणि घरी बोलतो तसं बोलून गेला, "मेरे कू क्रिकेट लय आवडता." हॉल खो-खो हसला. आम्हीही हसलो, हे लिहिताना आज लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीने चहा टाकला, मुलगा आतून बाहेर येईना. "बुखार-वुखार कुछ नहीं भाईजान," त्या म्हणाल्या, "शरम आई उसको."

आपल्या घरांतली ही एक भिंत बाहेरच्यांना दिसत नाही. एकाच मोहल्ल्यातली निम्मी मुलं उर्दू शाळेत जातात, निम्मी मराठी. मराठीवाल्याला सतत ऐकावं लागतं, "उर्दू नहीं आती?" जणू त्याच्या मुसलमान असण्यातच काही कमी आहे. उर्दूवाला दहावीनंतर कॉलेजात किंवा तहसील कार्यालयात मराठी अर्ज लिहायची वेळ आली की घाबरतो. दोघेही एकमेकांसमोर आपली उणीव झाकत बसतात. आणि आम्ही तर पहिलाच खेळ एकाच्या अंगणात मांडला होता.

त्या रात्री आम्हाला सहीह बुखारीतला एक प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना एक कोडं घातलं होतं: ज्याची पानं गळत नाहीत आणि जे श्रद्धावंतासारखं आहे, असं झाड कोणतं? लोक रानातली झाडं आठवू लागले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेव्हा वयाने लहान होते. खजुराचं झाड, हे त्यांच्या मनात आलं होतं, पण समोर मोठी माणसं बसलेली, म्हणून ते संकोचाने गप्प राहिले. नंतर त्यांनी हे वडिलांना सांगितलं, तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की तू बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता. हा प्रसंग आम्ही कितीदा सांगितला असेल, पण प्रत्येक वेळी कोड्याच्या उत्तरासाठी. उत्तर येत असूनही गप्प बसलेल्या त्या मुलाकडे आमचं लक्ष गेलंच नव्हतं.

दुसरी आठवण मदीनेची. इ. स. 622 मध्ये मक्केहून घरदार सोडून आलेल्यांना तिथे नुसतं 'तुम्ही सगळे भाऊ' एवढं सांगून सोडलं नव्हतं. एका मुहाजिराला एक अन्सार, असं नाव घेऊन भाऊ जोडून दिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली, त्यांनी दुआ देऊन फक्त बाजाराची वाट विचारली. चाळीस जणांसमोर न बोलणारा मुलगा एकासमोर बोलतो. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही गोल मोडला आणि जोड्या केल्या.

जोड्या जमवायला म्हणींचा खेळ केला. निम्म्या चिठ्ठ्यांवर मराठी म्हण, निम्म्यांवर तिची उर्दू जोडीदार, उर्दू लिपीत. 'नाचता येईना अंगण वाकडे'ने 'नाच न जाने आंगन टेढ़ा'ला शोधायचं. 'दुरून डोंगर साजरे'ला 'दूर के ढोल सुहाने', 'उथळ पाण्याला खळखळाट फार'ला 'अधजल गगरी छलकत जाए'. मराठी शाळेतल्यांना मराठी चिठ्ठी दिली, उर्दूवाल्यांना उर्दू. समोरच्याची चिठ्ठी कुणालाच नीट वाचता येत नाही, त्यामुळे वाचून दाखवल्याशिवाय आणि अर्थ विचारल्याशिवाय सुटका नाही. 'गाढवाला गुळाची चव काय' आणि 'बंदर क्या जाने अदरक का स्वाद' हे दोघे वीस मिनिटं एकमेकांना सापडले नाहीत. सापडले तेव्हा गाढव मोठं की माकड, यावर त्यांचं भांडण जुंपलं. आम्ही ते थांबवलं नाही.

मग एकच शब्द दोन्हीकडे वेगळा निघतो, तो पकडायचा. मराठीत 'राजीनामा' दिला की नोकरी सुटते, उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता. मराठी 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूतला म्हणजे सारांश. जमीन, बाजार, तारीख, हजर, फक्त हे शब्द दोन्ही घरचे आहेत, याचं नवल मोठ्यांनाही वाटलं.

आत मुलींकडे 'दोन खरं, एक खोटं' हा खेळ सुरू केला होता. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्यातलं खोटं इतरांनी ओळखायचं. नववीतल्या एकीने हात वर केला, "खाला, हसवायला खोटं बोललं तरी चालत नाही ना?" हदीसमध्ये त्याची ताकीद आहे, ती बरोबर होती. मग खोट्याच्या जागी इच्छा घेतली: दोन खऱ्या गोष्टी आणि एक इच्छा, इच्छा कोणती ते ओळखायचं. मूळ खेळापेक्षा हा फार चांगला झाला. "मी एकटी एसटीने वाशिमला जाते," असं एकीने सांगितलं. ते खरं असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती इच्छा होती. त्यावर मुली पाऊण तास बोलत बसल्या, ठरलेला पुढचा तास आम्ही सोडून दिला.

जे घेतले नाहीत तेही सांगतो. बाद करण्याचे खेळ पहिल्या दिवशी नकोत. बुजरा मुलगाच आधी बाद होतो आणि भिंतीला टेकून बसतो. नावापुढे विशेषण जोडायचा खेळ शिबिरांत फार चालतो, पण 'जाडा जावेद' पुढे सात दिवस जाडाच राहतो. वाईट टोपणनावांनी हाक मारायला सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे, ती असल्याच गोष्टींसाठी. अंगाला हात लावायचे, गाठ घालायचे खेळ मुलींना विचारल्याशिवाय घेऊ नका, सगळ्या मुलीच असल्या तरी. आणि ज्याला खेळायचं नाही त्याला गुण मोजायला बसवा. तोही आत आलेलाच असतो.

तो सातवीतला मुलगा चौथ्या दिवशी आला, धाकट्या भावाला सोडायच्या निमित्ताने. दारातच उभा राहिला. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचा मोह आम्ही आवरला. माठ रिकामा झाला होता. उर्दू शाळेतल्या एका मुलाला म्हटलं, "याला घेऊन जा, दोघं मिळून भरून आणा." बादलीच्या दोन बाजूंना दोघं धरून निघाले. परत यायला त्यांनी बराच वेळ लावला. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं आणि कालच्या मॅचमध्ये नो-बॉल होता की नव्हता, यावर जोरात वाद चालू होता, "लय आवडता"च्याच भाषेत, दोघांचाही.