बेडूक सुटला, निरीक्षणही सुटले

मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एके काळी एक वाक्य सर्रास असे : 'आज आमचं फ्रॉग झालं, उद्या कॉक्रोच.' आम्ही मराठीचे अध्यापक, एक नांदेडचा आणि एक लातूरचा; तेव्हा आमचे लक्ष आधी क्रियापदाकडे जाते. मारले नाही, कापले नाही, नुसते 'झाले'; जणू धडा झाला, उजळणी झाली. शोधनिबंध लिहिणाऱ्या मंडळींनी याच कृतीसाठी 'सॅक्रिफाइस' हा शब्द पत्करला. त्याचे मराठीत 'बळी देणे' असे भाषांतर केले, तर निदान कोणत्या दैवताला, हा प्रश्न तरी पडतो. इंग्रजी शब्द तसाच ठेवला की तोही पडत नाही.

वर्गातील विच्छेदनाचा वाद आता मिटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि नियमांपुरती ती बरोबर आहे. बंदी योग्यच होती, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मात्र त्या निर्णयाचे दोन भाग होते आणि आपण त्यातला सोपा तेवढा उचलला, असे आमचे म्हणणे आहे.

मुळात काय केले जात असे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच असे नाही. बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत गुंगवायचा, मेण ओतलेल्या ट्रेत उताणा ठेवून पायांत टाचण्या खोचायच्या, कातडी कात्रीने उघडायची. हृदय पुष्कळदा तेव्हाही धडधडत असे, आणि ते धडधडताना दिसावे हाही पाठाचाच भाग. शरीरक्रियाशास्त्रात याच्याही पुढे जात. डोक्यामागून सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करायचे, पोटरीचा स्नायू चेतातंतूसह सोडवायचा, त्याला विजेचा झटका द्यायचा आणि काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर त्याचे आकुंचन रेखून घ्यायचे. अठराव्या शतकात इटलीत गॅल्वानीने बेडकाच्या पायावर केलेल्या प्रयोगांचीच ही परंपरा. (दंडाच्या फुगलेल्या स्नायूला मराठीने 'बेटकुळी' म्हटले, ते मात्र कुणालाही न कापता. खेड्यातला पोरगा दंड वाकवून बेटकुळी दाखवतो, तेव्हा बेडूक आणि स्नायू यांचे नाते आपल्या भाषेने केव्हाच हेरलेले असते.)

आता कायदा पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याच्या १७ व्या कलमात प्रयोगांविषयीच्या नियमांची उद्दिष्टे दिली आहेत. महाविद्यालयांसारख्या ठिकाणी पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी तितकेच काम भागत असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. इतके स्पष्ट. पण याच कलमात असेही आहे की, लहान प्राण्यांवर काम होत असेल तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि लहान प्राण्यांची उदाहरणे म्हणून गिनीपिग, ससे, बेडूक आणि उंदीर यांची नावे घातली आहेत. म्हणजे करुणेचा कायदा करतानाही बेडकाला मोठ्यांच्या जागी उभे करून झाले होते. १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने बंद केली, पण प्रयोगशाळेतील बेडूक चालूच राहिला.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती २०११ मध्ये. पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः विच्छेदन करू नये, शिक्षकाने एकाच जातीचे प्रात्यक्षिक दाखवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विच्छेदन किंवा जैवविविधतेशी निगडित प्रकल्प यांतून निवड असावी, असे त्यांत होते. २०१४ मध्ये आयोगाने विच्छेदन पूर्णपणे थांबवायला सांगितले. १९६० पासून मोजले तर अर्धशतक उलटून गेले होते.

या अर्धशतकात आमच्या भागात वाद असा झालाच नाही. कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये जेनिफर ग्रॅहम नावाच्या शाळकरी मुलीने बेडूक कापायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने विद्यार्थ्यांना नकाराचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडे नकार म्हणजे प्रात्यक्षिकाचे गुण गेले. ज्या मुलीला मळमळे, तिने नाक दाबून ट्रेसमोर उभे राहायचे. शेजारणीने कापायचे आणि दोघींनी आकृती काढायची. यावर मराठीत एखादी बरी कथा वा कविता आमच्या वाचनात नाही. विज्ञान इंग्रजीत शिकायचे आणि अनुभव मराठीत यायचा, या फटीत तो अनुभव नाहीसा झाला. मर्ढेकरांचे पिंपातले उंदीर दर वर्षी वर्गात येतात, पण माणसाचे प्रतीक म्हणून. उंदीर म्हणून उंदराकडे पाहण्याची सवय मराठी समीक्षेला फारशी नाही.

प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांशी बोलताना दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला वजनदार आहे. पडद्यावरचा बेडूक सपाट असतो. धडधडणारे हृदय डोळ्यांसमोर पाहणे हा विस्मय चित्रफितीला देता येत नाही, आणि त्या विस्मयातूनच कुणी डॉक्टर झाले, कुणी संशोधक. हे आम्ही नाकारत नाही. मात्र त्यासाठी शंभर मुलांच्या वर्गाला दर वर्षी तितके बेडूक, तेही शेतातल्या डबक्यांतून पकडलेले, हा हिशेब पटत नाही. आणि त्या शंभरांपैकी बहुतेकांचा विस्मय जर्नल पूर्ण करण्याच्या घाईत विरून जाई, हे सहकारीही मान्य करतात.

दुसरा आक्षेप थोडा छद्मी असतो : मटण खाता, खोंड बडवता, मग बेडकाचेच दुःख कशाला? खेड्यातून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न चांगला कळतो. जत्रेतले बोकड त्यांनी पाहिलेले असते, बडवलेल्या बैलाची पोळ्याला पूजाही केलेली असते. पण बोकडाचे मुंडी-पायही वाया जात नाहीत आणि बैल घरचा होतो. ट्रेतला बेडूक तासाभराने बादलीत जात असे, आणि त्याने शिकवलेले पुस्तकात आधीच छापलेले असे. फरक दयेचा नसून गरजेचा आहे. १९६० च्या कायद्याची कसोटीही तीच आहे. म्हणूनच या विषयावरील भाषणांत एकनाथांनी गाढवाला पाजलेली गंगा आणि नामदेवांनी कुत्र्यामागे नेलेली तुपाची वाटी आली की आम्ही सावध होतो. पैठण आमचे, नरसी आमची, दोन्ही आख्यायिका आम्हांला प्रिय. पण भूतदयेचा वारसा सांगून अभ्यासक्रमाचा प्रश्न सुटत नाही. असो.

निर्णयाचा दुसरा भाग इथेच येतो. सुरी ठेवा आणि जिवंत प्राणी त्याच्या जागी जाऊन पाहा, असा त्या प्रकल्पाच्या पर्यायाचा अर्थ होता. सुरी ठेवली गेली. पाहण्याचे काय झाले, ते नांदेड-लातूरच्या कोणत्याही शिकवणीच्या रस्त्यावर दिसते. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात बेडूक सविस्तर आहे. त्याच्या हृदयाला कप्पे किती, हे मुले झोपेतही सांगतात. आणि त्याच मुलांना पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा बेडूक दाखवला, तर हा कोण, असे विचारतात. पूर्वीच्या विद्यार्थ्याने बेडूक मारून का होईना, हाताने धरला होता. आताच्याला चार पर्यायांतून तो ओळखता येतो.

याचा उपाय सुरी परत आणणे हा नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, लातूरकडे मांजरा आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाऊस लांबला की अजून कुठे कुठे धोंडी निघते, कडुलिंबाचा पाला अंगाला बांधतात, बेडूक टांगून दारोदार पाणी मागतात. बेडकाच्या दृष्टीने हेही सुखाचे नाहीच. पण बेडूक आणि पाऊस यांचा संबंध लोकांनी पाहून ठेवला होता, आणि कोरड्या महिन्यांत जमिनीखाली दडणारे बेडूक पावसाबरोबर वर कसे येतात, हा प्राणिशास्त्राचाही विषय आहे. आठवडाभर एका डबक्याकाठी बसून विद्यार्थ्याने काय पाहिले, काय ऐकले, ते मराठीत लिहावे. ती वही प्राणिशास्त्राने प्रकल्प म्हणून आणि मराठीने निबंध म्हणून तपासावी. वर्णन नेमके करणे दोन्हीकडे सारखेच अवघड असते.

पहिला पाऊस आणि प्रवेशाची धांदल एकाच वेळी येतात, ही अडचण सहकाऱ्यांनी लगेच पुढे केली. अडचण खरी आहे. पण सगळ्या जातींचे बेडूक जूनमध्येच ओरडून गप्प होत नाहीत. काहींचा आवाज श्रावणातही येतो, आणि तोवर तासिका सुरू झालेल्या असतात.