कार्यकर्त्याचा राखीव तास

वस्तीतल्या कार्यकर्त्याचे घर म्हणजे धर्मशाळा, असे आपण कौतुकाने म्हणतो. सकाळी ड्युटीवर निघताना एक जण दाखल्यासाठी दारात उभा, रात्री ताटावर बसताना दुसरा भावकीचे भांडण घेऊन हजर. आता त्यात मोबाईलची भर. पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि कोणाला लगेच उत्तर गेले नाही तर 'आता साहेब झाले ते' हा शेरा ठरलेला! आपला कार्यकर्ता पोलिसांच्या लाठीला भीत नाही इतका या शेऱ्याला भितो. म्हणून हातातले काम टाकून तो प्रत्येकाला 'बोला' म्हणतो.

पण हातात असते काय? जात पडताळणीचेच प्रकरण घ्या. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा पाहतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे, गावच्या नोंदीत तिसरेच. ही साखळी जुळवायला सलग तासभर शांत डोके लागते. मध्येच फोन वाजला की पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते. ती तारीख गडबडीत निसटली, की उशिराची कारणे सांगत बसा. यात नुकसान कोणाचे? ज्या मुलीचा प्रवेश अडकला आहे, तिचे.

बाबासाहेबांच्या दारी काय कमी गर्दी होती? पण १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. लोकांची गाऱ्हाणी तिथे ऐकली जात. पुढे दादरला राजगृह बांधले, त्यात कुटुंब खाली आणि ग्रंथालय वरच्या मजल्यावर. म्हणजे घर बांधतानाच वाचनाची जागा बाजूला काढलेली! मसुदा समितीत सात सभासद होते. पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. शेवटी सारा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले. शिवाय कायदामंत्रिपद होते, आणि प्रकृती साथ देत नव्हती. अशी कामे भेटीगाठींच्या फटीत उरकत नाहीत.

तरीही सरकारी साहेबासारखे दार लावून बसणे आपल्याला शोभणार नाही. आपल्याकडे येणारा माणूस अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, चार ठिकाणी हाकलला जाऊन आलेला असतो. त्याला 'उद्या या' म्हणणे सोपे, पण तो उद्या येईलच असे नाही.

म्हणून वेळ ठरवावी आणि ती विहाराच्या फळ्यावर लिहावी. रात्री आठ ते नऊ कागदपत्रांचे काम. तेव्हा फोन घरातल्या दुसऱ्याकडे. नऊनंतर सर्वांसाठी दार उघडे. दवाखाना, पोलीस ठाणे, कोणाच्या घरी मयत, याला वेळेचे बंधन नाही. आलेल्याचे नाव व काम वहीत लिहून घ्यावे. आपले काम कोणीतरी टिपून घेतले एवढे दिसले, तरी माणसाचा जीव भांड्यात पडतो.

ही वही सांभाळणार कोण? आजवर हे काम न सांगता घरच्या बाईवर पडत आले आहे. चहा तिने करायचा, निरोप तिने ठेवायचे, आणि महिला मंडळाच्या सभेचे तिचे टाचण चुलीपाशी अर्धे पडलेले. तिलाही तिचा तास हवा. वस्तीतली कॉलेजात जाणारी मुले-मुली पाळीपाळीने तासभर बसू शकतात. फक्त कोणत्या कामाला कोणते कागद लागतात, याची यादी त्यांच्या हाती आधी द्यावी, म्हणजे अर्धी माणसे दारावरूनच योग्य कागद आणायला जातील.