नाव शिपायाचे, अक्षरे कारकुनाची

शिंद्यांचे इंग्रजीत सिंधिया झाले, ते राजघराण्याला शोभून गेले. साध्या शिपायाला असली चैन परवडत नाही. भरतीच्या दिवशी कारकुनाने आडनावात एखादे अक्षर कमीजास्त केले, तर ती चूक नोकरीभर कुणाला टोचत नाही. टोचते ती विधवेला, कुटुंबनिवृत्तिवेतन मागताना. त्यातून आपल्याकडे लग्नात मुलीचे नवे नाव तांदळात अंगठीने लिहायचे! माहेरची यमुना पलटणीच्या दप्तरात, सासरची लक्ष्मी बँकेत. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांत जाहिरात, पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज. होळकरांच्या जुन्या पायदळाची पुढे १५ कुमाऊँ झाली. तिथल्या शिपायाच्या घरच्यांनी इंदुराहून लिहायचे ते थेट राणीखेतला, पहाडात.

पुरावा मागू नये असे मी म्हणत नाही. पैशाला खोटे वारस फुटतात. पण शिपायाचा क्रमांक आणि अंगावरच्या खुणा दप्तरात असतातच. माणूस तोच, हे त्यांवरून ठरत असता कारकुनाच्या चुकीचे हेलपाटे म्हातारीच्या माथी का? निवृत्त जवानांनी मात्र वाट पाहू नये. निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे पुस्तक व आधारपत्र शेजारी ठेवून नवराबायकोची नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत, आणि तफावत दिसली तर अर्ज स्वतःच्या सहीने करावा.